दिवेलागणीनंतर मांजर घरात

औंढ्याच्या डोंगराकडे आंध बांधवांच्या वाड्यांवर जाताना बहुतेक घरी मांजर दिसते. ते असायलाच हवे. उंदीर वर्षाचे धान्य किती नासतात, ते त्या घरच्या बाईलाच विचारावे. म्हणून ‘मांजर पाळू नका’ असे मी कुणाला सांगत नाही. दिवेलागणीनंतर ते घरात घ्या, एवढेच सांगतो.

घरामागचे माळरान रिकामे नसते. टिटवी, तितर, लाव्हा, चंडोल ही पाखरे जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीचे घरटे म्हणजे खड्यांत मांडलेली खड्यांसारखीच चार अंडी. पिलांना उडता येईपर्यंत दबून बसण्याशिवाय दुसरा उपाय नसतो, आणि मांजराला अंधारातही दिसते. पोटभर दूध पाजले की मांजर शिकार करत नाही, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही, पोट भरले तरी त्याची शिकारीची ओढ जात नाही. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर 1894 मध्ये दीपगृह सुरू झाले. माणसांमागून मांजरे आली आणि तिथला उडता न येणारा चिमुकला पक्षी थोड्याच वर्षांत कायमचा संपला.

ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा शहरात 1 जुलै 2022 पासून जन्मलेले मांजर मालकाच्या आवाराबाहेर मोकळे सोडता येत नाही. आपल्या पत्र्याच्या घरांत एवढे कुठून जमणार? पण उंदीरही रात्रीच निघतात. तेव्हा मांजराची खरी नेमणूक कणगीपाशीच आहे. संध्याकाळी ठरल्या वेळी घरात खायला घातले, की ते आपणच येते.

माळावर त्याचे भाऊबंदही आहेत. रानमांजराशी पाळीव मांजराचा संकर होतो. पाळीव मांजरांतला पॅनल्यूकोपेनिया हा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा रोग रानातल्या मांजरांनाही होतो. रेबीज तर माणसालाही सोडत नाही. म्हणून मांजराला लस टोचून घ्यावी, जमल्यास नसबंदीही करावी. मांजर चावले किंवा ओरबाडले तर हळद-चुना न लावता जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. तिथे लस मोफत मिळते.

ऊसतोडीत कधी मांजराची म्हणून उचललेली पिले रानमांजराची किंवा वाघाटीची निघतात. वाघाटी हे जगातले सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. अशी पिले घरी आणू नयेत, हात न लावता तिथेच राहू द्यावीत. आई बहुधा रात्री येऊन नेते. तोवर तेवढ्या सऱ्यांची तोड थांबवावी आणि वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे.