उपटली तरी बी धरणारी घोळ!

पावसाळ्यात शेताच्या बांधावर, फुटपाथच्या फटीत, कुंडीच्या कडेला लालसर देठांची आणि गुबगुबीत पानांची घोळ जमिनीलगत पसरते. खुरपणीत तिच्यावर हमखास विळा पडतो. फेकण्याआधी एक पान चाखून बघा!

फेकलीत तरी ती हार मानत नाही. पाना-देठांतल्या पाण्यावर तग धरते, ओल लागली की पुन्हा मुळं सोडते. फुलं आलेली असली तर उपटलेल्या अवस्थेतही बी पिकवते. एका जोमदार झाडाला दोन लाखांवर बिया लागू शकतात!

पहाटे खुडलेली घोळ संध्याकाळी खुडलेल्या घोळीपेक्षा आंबट का लागते? भर उन्हात ती मका-उसाच्या पद्धतीनं झपाट्यानं अन्न तयार करते. पाणी तुटलं की निवडुंगाची रीतही धरते: पर्णरंध्रं दिवसा मिटायची, रात्री उघडायची आणि आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा. आंबटपणा त्या आम्लाचा. हे दोन्ही मार्ग एकाच पेशीत जोडलेले आहेत, हे येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवलं. वनस्पतीसृष्टीत ही जोडी फार दुर्मीळ!

मासे न खाणाऱ्यांनो, घोळीत ओमेगा-३ गटातलं स्निग्धाम्ल इतर बहुतेक पालेभाज्यांहून जास्त असतं.

लेबनॉनमध्ये ती फत्तूश सॅलडात पडते, मेक्सिकोत डुकराच्या मांसासोबत शिजते. अमेरिकी लेखक थोरोनं ‘वॉल्डन’मध्ये नुसत्या उकडलेल्या, मीठ लावलेल्या घोळीवर जेवल्याचं लिहिलंय. आपल्याकडे मुगाची डाळ घालून किंवा बेसन पेरून करतात. विदर्भातली उन्हाळी चिवळ ही तिची बारीक पानांची बहीण. बाल्कनीतलं ‘ऑफिस टाइम’ही त्याच कुळातलं.

तुर्की लोक तिला लसूण घातलेल्या दह्यात कालवतात, आणि ते फार शहाणपणाचं आहे. घोळीत ऑक्झलेट भरपूर असतं. दह्यातल्या कॅल्शियममुळे त्याचा विरघळणारा भाग कमी होतो. मुतखडा असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच खा. रानातून खुडताना देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हेच!

लावायची? बी अगदी बारीक असतं. वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरवा, पुरू नका. उगवायला त्याला उजेड लागतो. नाहीतर बाजारच्या जुडीतली ताजी फांदी खोचा. ऊन भरपूर, पाणी बेताचं. महिना-दीड महिन्यात शेंडे खुडायला येतात. एखाद्या फांदीवर बी पिकू दिलंत, तर पुढच्या वर्षी पेरावं लागणार नाही.