डायलिसिसआधीचा रक्तक्षय: आधी लोह, मग इंजेक्शन

मुळशीत भातलावणीला वाकल्यावर दम लागला, की आपण म्हणतो, ‘वय झालं.’ पण मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल, तर हिमोग्लोबिनसोबत क्रिएटिनिनही तपासून घ्या. रक्तपेशी तयार होतात हाडांच्या मज्जेत. पण ‘तयार करा’ हा निरोप, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, धाडतं मूत्रपिंड. तेच थकलं की निरोप कमी पडतो.

मग लगेच इंजेक्शन घ्यायचं का? नाही. आधी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघायचं. लोह कमी असेल तर एक ते तीन महिने गोळ्या. त्या चहासोबत नकोत. गुण आला नाही, तर शिरेतून लोह. तरीही हिमोग्लोबिन १० च्या खाली राहिलं, तर डॉक्टर इंजेक्शनचा विचार करतात. त्या काळात रक्तदाबावर लक्ष हवं.

आता एक मोह टाळा: ‘डॉक्टर, तेरापर्यंत न्या ना!’ २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रीट’ चाचणीत डायलिसिसवर नसलेल्या मधुमेही रुग्णांचं हिमोग्लोबिन इंजेक्शनांनी १३ पर्यंत नेऊ पाहिलं. पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. म्हणून इंजेक्शन चालू असताना साधारण ११.५ च्या वर नेत नाहीत. आकडा सजवायचा नाही. माणसाला बांधावर पुन्हा उभं करायचं, एवढंच.