इंजिन सुरू का होत नाही?

परभणीहून पूर्णेकडे रेल्वेने निघालात, की वाटेत पिंगळी लागते. काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके. पहिले पाऊस झाले, की बांधावर गवत माजते. ते कापण्यासाठी खांद्याला अडकवायचे पेट्रोलचे यंत्र आता अनेक शेतकऱ्यांकडे असते. गावात त्याला ग्रास कटर म्हणतात.

गेल्या जूनमध्ये आमच्या एका विद्यार्थ्याच्या शेतावर गेलो होतो. त्याचे काका यंत्राची दोरी ओढून ओढून घामाघूम झाले होते. नवा प्लग बसवून झाला होता. "कॉईल गेली असेल, नवी टाका," असे कोणीतरी सांगितल्यामुळे ते परभणीला जाऊन कॉईल आणण्याच्या तयारीत होते. म्हणजे पैसे गेले आणि ऐन हंगामातला दिवसही गेला. "सर, खरेच कॉईल गेली असेल का?" विद्यार्थ्याने विचारले. आम्ही म्हणालो, "अंदाज कशाला करायचा? इंजिनालाच विचारू या."

इंजिनाला विचारायचे म्हणजे काय? पेट्रोलच्या इंजिनाला सुरू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात : हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, ते मिश्रण दाबले जाणे आणि नेमक्या वेळी पडणारी ठिणगी. तिन्ही असतील तर इंजिन सुरू झालेच पाहिजे. होत नसेल तर एक तरी कमी आहे. ती कोणती, एवढाच प्रश्न.

प्रथम साध्या गोष्टी पाहिल्या. बंद करण्याचे बटण चालू बाजूला होते. टाकीत पेट्रोल होते. हवेच्या गाळणीतली धूळ झटकली. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलला साधारण ९ हजार लिटर हवा! गाळणी चोंदली तर इंजिन गुदमरणारच.

नंतर दाब. दोरी सावकाश ओढली, तेव्हा ठरावीक जागी हाताला चांगलाच अडथळा जाणवला. दट्ट्या सिलिंडरमधील हवा दाबतो, त्याचा हा विरोध. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून पाहा, असाच विरोध जाणवेल. पंप गरमही होईल. दोरी अगदी सैल आली असती, तर प्लग ढिला आहे किंवा दट्ट्याच्या रिंगा झिजल्या आहेत अशी शंका घेतली असती.

आता ठिणगी. प्लग काढून त्याला वायरची टोपी पुन्हा लावली. प्लगच्या भोकापासून दूर, त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवून धरले आणि दोरी जोरात ओढली. निळसर ठिणगी स्पष्ट दिसली. या यंत्रात बॅटरी नसते, मग वीज येते कोठून? फिरणाऱ्या चाकात चुंबक बसवलेले असते. ते कॉईलजवळून झपाट्याने गेले, की तिच्यात वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. चुंबकीय क्षेत्र जितक्या वेगाने बदलेल, तितका विद्युतदाब अधिक. म्हणूनच दोरी हळू ओढली तर ठिणगी पडत नाही. कॉईल चांगली असूनही ती "गेली" असे वाटते!

काढलेल्या प्लगने आणखी एक गोष्ट सांगितली. इतक्या वेळा दोरी ओढूनही त्याचे टोक कोरडे होते. टोक पेट्रोलने चिंब असते, तर इंधन जास्त झाले किंवा ठिणगी पडत नाही असे म्हटले असते. कोरडे टोक म्हणजे पेट्रोल आत पोचतच नाही.

खात्रीसाठी काकांनी प्लगच्या भोकातून ताज्या इंधनाचे चारदोन थेंब आत टाकले, प्लग बसवला आणि दोरी ओढली. इंजिन भर्रकन सुरू झाले आणि दोन सेकंदांत बंद पडले! काकांचा चेहरा उतरला. विद्यार्थ्याचा मात्र उजळला. "सर, म्हणजे ठिणगी आणि दाब दोन्ही ठीक!" अगदी बरोबर. एका परीक्षेने दोन आरोपी निर्दोष सुटले. दोष टाकीपासून सिलिंडरपर्यंतच्या वाटेत होता.

टाकी रिकामी केली. दिवाळीपासून पडून राहिलेले पेट्रोल काळपट झाले होते आणि त्याला जुन्या रंगासारखा वास येत होता. पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि उरलेल्यातून चिकट राळ तयार होते. तिने कार्बुरेटरची बारीक जाळी बुजवली होती. जाळी साफ केली, ऑईल मिसळलेले ताजे पेट्रोल भरले आणि इंजिन सुरळीत चालू लागले. परभणीची फेरी वाचली.

साठवलेल्या पेट्रोलची आणखी एक अडचण आहे. २०२५ साली आपल्या देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी फार झाले, की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो, आणि इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते! संशय आला तर थोडे इंधन काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर ते वापरू नये. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि कार्बुरेटरमधील उरलेले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवावे.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळा. यातली कोणतीही तपासणी मोठ्या माणसांसमोरच करा. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढा. ठिणगी पाहताना सांडलेले पेट्रोल पुसून घ्या आणि पेट्रोलचा डबा दूर ठेवा.

आता तुमच्यासाठी एक काम. वहीत तीन रकाने आखा : लक्षण, तपासणी, निष्कर्ष. घरची मोटारसायकल किंवा फवारणीचा पंप रुसला, की एका वेळी एकच गोष्ट तपासा आणि लगेच टिपून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र सुरू होईलही. पण दोष कशात होता, हे मात्र तुम्हांला कळणार नाही. मग पुढच्या जूनमध्ये पुन्हा दोरी ओढत बसावे लागेल!