गायरानातील गाजरगवत : ओळख व निर्मूलन

मृगाचा पाऊस झाला की वर्धा शहरालगतच्या बोरगाव मेघे परिसरातील शेतांचे धुरे, सडकेच्या कडा व पडीक भूखंड हिरवे दिसू लागतात. परंतु ही सर्वच हिरवळ जनावरांच्या उपयोगाची नसते. गाजरगवत चराईच्या जमिनीत माजले म्हणजे मारवेल, पवन्या यांसारखी सकस गवते हटतात आणि गुरांना चारा उरत नाही.

हे तण मूळचे अमेरिका खंडातील आहे. 1955 साली पुणे येथे त्याची नोंद झाली व पुढे ते देशभर पसरले. लोक त्यास काँग्रेस गवत असेही म्हणतात.

कोवळेपणी याची पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात व गाजराच्या पानांप्रमाणे चिरलेली असतात. पुढे रेषायुक्त, लवदार खोड उभे वाढून शेंड्यास बारीक पांढऱ्या फुलांचे झुपके येतात. एका जोमदार झाडापासून 15,000 हून अधिक बिया तयार होतात. वारा, पाणी व गाड्यांची चाके त्या दूरवर नेतात. म्हणून फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असता, झाडे मुळासकट उपटणे हाच खरा उपाय होय. केवळ कापल्यास बुडखा पुन्हा फुटतो.

या तणाच्या स्पर्शाने त्वचेस खाज व पुरळ येते, तर परागामुळे दम्याचा त्रास बळावतो. यास्तव हातमोजे घालून व नाकातोंडास फडके बांधूनच काम करावे. फुले न आलेली झाडे कंपोस्टच्या खड्ड्यात घालता येतात.

मेक्सिकोहून आणून 1984 साली बंगळूर येथे सोडलेला मेक्सिकन भुंगा या तणाची पाने खातो. त्याच्या पांढुरक्या पाठीवर गडद तपकिरी वेड्यावाकड्या रेषा असतात. पावसाळ्यात तो कार्यक्षम असतो. म्हणून जेथे तो आढळेल तेथे फवारणी करू नये. पडीक जागी पावसापूर्वी तरोट्याचे बी फेकल्यास तरोटा दाट उगवून गाजरगवतास दडपतो.

टू-फोर-डी हे तणनाशक पऱ्हाटीस अत्यंत घातक आहे. वाऱ्याने उडालेल्या तुषारांनीही तिची पाने आकसून वाकडी होतात. कपाशीच्या शेजारी ते मुळीच वापरू नये.

एकाने आपला धुरा स्वच्छ केला व शेजारचा भूखंड फुलू दिला, तर श्रम वाया जातात. म्हणून शेतकरी बंधूंनी, भूखंडधारकांनी व ग्रामपंचायतीने ऑगस्टमध्ये एकच दिवस ठरवून संपूर्ण शिवारात उपटणी करावी, आणि नवी रोपे उगवताच ती पुन्हा करावी.