आणखी एकच लेव्हल!

'आई, थांब ना, एकच लेव्हल राहिलीय!' पानातली पोळी गार होते, हाका मारून घसा बसतो, पण ती लेव्हल काही संपत नाही. मैत्रिणींनो, ही लेव्हल म्हणजे असतं तरी काय?

रोल-प्लेइंग गेममध्ये खेळणारा एक पात्र घेतो. सुरुवातीला ते अगदी लेचंपेचं. शत्रूला हरवलं, कामगिरी फत्ते केली की अनुभवाचे गुण मिळतात. ठरावीक गुण साठले की पात्र एक पायरी वर चढतं, ताकद वाढते. ही पद्धत रुजवली ती १९७४ साली अमेरिकेत आलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या कागद आणि फाशांच्या खेळाने. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते.

पण गुण साठतच गेले तर? पात्र इतकं बलाढ्य होईल की पुढचा शत्रू फुंकरीनेच उडेल. मग खेळात राम तो काय राहिला? म्हणून गेम बनवणारे एक मर्यादा घालतात. तिला म्हणतात 'लेव्हल कॅप'. १९९८च्या 'बाल्डर्स गेट'मध्ये ८९,००० गुणांनंतर वाढ थांबायची. २०२३च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये तर बाराच पायऱ्या! तेराव्या पायरीपासून मिळणारे मंत्र इतके जबरदस्त, की गोष्टीचा तोलच गेला असता.

'ऑब्लिव्हियन' (२००६) या गेमने वेगळीच वाट धरली. खेळाडू वाढला की शत्रूही वाढणार! शेवटी रस्त्यावरचे साधे दरोडेखोरही भारी चिलखतं घालून समोर. पगार वाढला की पाठोपाठ महागाई, तसंच हे. खेळणारे कुरकुरले नसते तरच नवल.

ऑनलाइन गेमची तऱ्हा आणखी निराळी. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ साली आला तेव्हा शेवटची पायरी होती ६०. २००७मध्ये ती ७० झाली आणि वाढत वाढत २०१८मध्ये १२०. मग २०२०मध्ये सगळा हिशोबच आटोपशीर केला. १२०वर पोचलेले ५०वर आले आणि नवी मर्यादा पुन्हा ६०! म्हणजे शिखर गाठलं म्हणेपर्यंत शिखरच पुढे सरकतं. इथे 'संपलं एकदाचं' असं होतच नाही.

आपल्या कामाचा मुद्दा तो हाच. नुसतं 'बंद कर ते' म्हणण्यापेक्षा शेजारी बसून विचारा, 'शेवटची लेव्हल कितवी? तिथे गोष्ट संपते का? लेव्हलसाठी पैसे तर मागत नाहीत ना?' एकट्याने खेळायचा गेम असेल, तर बहुतेक वेळा 'सेव्ह' करून उठता येतं. ऑनलाइन जोडीदार असतील, तर मधेच उठणं अवघड. तेव्हा जेवणाची वेळ खेळ सुरू व्हायच्या आधीच ठरवून टाका. गेमला मर्यादा नसली, तरी घरात ती घालता येतेच की!