भिंतीवर इतिहास चढतो कसा

बावधनमध्ये आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एका शाळेची कुंपणभिंत आहे. गेल्या डिसेंबरात तिथं एक पेंटर रोज सकाळी सातला हजर असायचा. पहिले दोन दिवस त्यानं रंगाचा डबा उघडलाच नाही. निळीत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणायचा, मधोमध चिमटीत धरून सोडायचा, की भिंतीवर सरळ निळी रेघ उठायची. ओळंबा सोडून उभ्या रेघा झाल्या, मग आडव्या. हातातल्या कागदावर शिवराज्याभिषेकाचं छापील चित्र होतं आणि त्यावर पेन्सिलीनं तितकेच चौकोन आखलेले होते. मी विचारलं, एवढं कशाला? तो म्हणाला, "सर, चौकोन चुकला की माणसाचा हात लांब होतो. मग रंग कितीही चांगला असू द्या."

ते छापील चित्र मी लगेच ओळखलं. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या राज्याभिषेकाच्या चित्राची ती नक्कल होती. दरबारात शंभरावर माणसं आहेत आणि प्रत्येकाची उभं राहण्याची तऱ्हा वेगळी आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मनातला रायगडाचा दरबार या चित्रातूनच आला आहे, चित्रकाराचं नाव ठाऊक नसलं तरी. असं चित्र कसं उभं राहतं, ते टप्प्याटप्प्यानं समजून घेण्यासारखं आहे.

धुरंधरांचा जन्म कोल्हापूरचा, १८ मार्च १८६७ चा. १८९० मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथं जॉन ग्रिफिथ्स हे प्रमुख होते. याच ग्रिफिथ्सनी जे. जे. च्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचं प्रचंड काम केलं होतं. म्हणजे धुरंधर ज्या वर्गात शिकले, तिथं समोर बसलेल्या माणसाचं हुबेहूब रेखाटन करण्याची युरोपीय शिस्त होती आणि पाठीशी अजिंठ्याच्या भिंतींचा अभ्यास होता. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं. विद्यार्थी म्हणून आलेला हा माणूस तिथंच शिक्षक झाला, १९३० मध्ये हंगामी संचालकपदापर्यंत पोचला आणि १९३१ मध्ये निवृत्त झाला. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव म्हणजे सरळ हिशेब आहे.

ऐतिहासिक चित्राचा पहिला टप्पा कागदपत्रांचा असतो. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक रंगवायचा तर सिंहासन कसं होतं, शेजारी काय होतं, कोण कुठं उभं होतं, हे कुठून तरी मिळालं पाहिजे. सभासदाच्या बखरीत बत्तीस मण सोन्याचं सिंहासन आहे. त्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन दरबारात हजर होता आणि त्यानं जे पाहिलं ते लिहून ठेवलं. सिंहासनाच्या एका बाजूला सोनेरी भाल्यांवर मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखं, दुसऱ्या बाजूला घोड्यांची शेपटं आणि एका भाल्याच्या टोकाला न्यायाचं चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू. दरवाज्याशी उभे हत्ती पाहून तो चकित झाला, इतक्या अवघड वाटेनं हे वर आणले कसे! चित्रकाराला असा साक्षीदार म्हणजे सोन्याची खाण. बखर सांगते ते वैभव, ऑक्झेंडन सांगतो ती जागा. तराजू उजवीकडे की डावीकडे, हे ठरवायला वैभव कामाला येत नाही.

कागद नसला की काय होतं, याचं उदाहरणही आपल्याच घरचं आहे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी जुन्या डच संग्रहातलं शिवाजी महाराजांचं चित्र उजेडात आणेपर्यंत भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. हात कितीही तयार असला तरी चुकीच्या आधारावर चित्र बरोबर येत नाही.

दुसरा टप्पा माणसांचा. इतिहासातला सरदार काही बसायला येत नाही, तेव्हा जिवंत माणसालाच उभं करून पाहावं लागतं. वाकल्यावर अंगरख्याला चुण्या कुठं पडतात, तलवारीचा भार घेतल्यावर खांदा किती उतरतो, लुगड्याचा ओचा बसल्यावर कसा पसरतो, हे पाहिल्याशिवाय येत नाही. धुरंधरांचं खरं भांडवल इथं होतं. रस्त्यावरची, बाजारातली, प्रवासातली माणसं ते सतत टिपत राहिले. ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरच्या १९२० मधल्या पुस्तकातली चित्रं त्यांचीच. त्यात वेगवेगळ्या जातींच्या, प्रांतांच्या बायकांची नेसण, दागिने आणि चाल बारकाव्यानं आली आहे. माझ्या मते दरबाराच्या चित्रातली गर्दी गर्दी वाटत नाही, ती माणसं वाटतात, ती या सवयीमुळे.

तिसरा टप्पा आमच्या पेंटरचा, वाढवण्याचा. समजा चित्र २४ इंच रुंद आहे आणि भिंत २४ फूट. म्हणजे सगळं बारा पट होणार. चित्रातला एका इंचाचा चौकोन भिंतीवर एका फुटाचा. कागदावर २ मिलिमीटर चुकलात तर भिंतीवर २४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच. चेहऱ्यात एक इंच हलला तर तो माणूसच बदलला. म्हणून आधी चौकोन, मग प्रत्येक चौकोनात रेघ कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते तेवढंच पाहायचं. हात काढतोय की कान, ते त्या वेळी विसरायचं.

मोठ्या कामात आणखी एक पायरी असते. भिंतीच्याच मापाचा कागद घेऊन त्यावर पूर्ण रेखाटन करतात, रेघांवर सुईनं भोकं पाडतात, कागद भिंतीवर धरून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटतात. कागद काढला की भिंतीवर ठिपके उमटतात. आपल्याकडे मुली उदबत्तीनं कागदाला भोकं पाडून रांगोळीचे ठिपके काढायच्या, तीच युक्ती. युरोपातल्या मोठमोठ्या घुमटांची चित्रंही अशीच उतरली आहेत.

चौथा टप्पा भिंतीचा, आणि चित्र किती वर्षं जगणार हे इथं ठरतं. ओल्या चुन्यावर रंगवायची एक रीत आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घट्ट होतो आणि रंगाचे कण त्यातच अडकतात. पण गिलावा एका दिवसात रंगवून होईल तेवढाच करायचा, कारण वाळल्यावर रंग धरत नाही. एकोणिसाव्या शतकात ही रीत पुन्हा उचलून धरली ती जर्मन चित्रकारांनी. पीटर कॉर्नेलियस आणि त्याच्या सोबत्यांनी १८१६-१७ मध्ये रोममधल्या एका घरात तिचा नव्यानं प्रयोग केला. पुढं जर्मनीत राजवाड्यांच्या आणि सभागृहांच्या भिंतींवर इतिहास रंगवणारी एक पिढीच तयार झाली. त्यांना हवेनं मात्र दगा दिला. म्युनिकच्या नव्या चित्रसंग्रहालयाच्या बाहेरच्या भिंतींवर विल्हेल्म काउलबाखच्या आराखड्यांवरून केलेली चित्रं थंडी-पावसात विटून गेली. पुढं १८७८ मध्ये त्याच प्रदेशातल्या ए. डब्ल्यू. काइम यानं दगडी गिलाव्याशी एकजीव होणाऱ्या सिलिकेट रंगाचं पेटंट घेतलं.

अजिंठ्याची रीत वेगळी. तिथं मातीच्या गिलाव्यात तूस आणि गवताचे तंतू आहेत, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर कोरड्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेला रंग. गुहेच्या आत पाऊस येत नाही, म्हणून ते दीड हजार वर्षं टिकलं. तिसरी वाट म्हणजे चित्र कॅनव्हासवर कार्यशाळेत करायचं आणि मग भिंतीला चिकटवायचं. नव्या चुन्यावर किंवा सिमेंटवर थेट तैलरंग लावले तर त्यातला क्षार तेलाचा साबण करतो आणि रंग सुटतो. मध्ये कॅनव्हास असला की ही भीती कमी होते.

जे. जे. मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९२० नंतर, भित्तिचित्रांचा वेगळा वर्गच सुरू झाला. नवी दिल्लीची सचिवालयं उभी राहिल्यावर मुंबईच्या चित्रकारांना तिथल्या भिंती मिळाल्या आणि विधी सदस्यांच्या दालनाचं काम धुरंधरांकडे आलं. साठीच्या आसपास पोचलेला, पुस्तकांच्या पानांवर आयुष्यभर बोटभर चित्रं काढलेला हा माणूस तेव्हा भिंतीएवढ्या चित्राला भिडला. मला त्यांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

आता पुन्हा बावधन. भूगावकडून वारं-पाऊस थेट अंगावर घेणारं आपलं गाव. काही वर्षांपूर्वी आम्ही हौसेनं एका भिंतीवर सिंहगडाचा प्रसंग रंगवून घेतला होता. भिंतीमागं बागेची माती होती, ते कुणी पाहिलंच नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पांढरा खार फुटला, पोपडे सुटले आणि तानाजीचा ढालीचा हात गळून पडला. फार वाईट वाटलं. शाळेच्या भिंतीवर आलेल्या पेंटरनं मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मागच्या बाजूला माती आहे का?" मग त्यानं प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून रात्रभर ठेवला. सकाळी आत थेंब दिसले नाहीत, तेव्हाच निळीचा दोरा बाहेर काढला.

तुमच्या शाळेत, सोसायटीत, तालमीत असं चित्र करवून घेणार असाल, तर रंगाच्या आधी ओलीचा बंदोबस्त करा, नवा गिलावा असेल तर तो पुरता वाळू द्या आणि पेंटरला चौकोन आखायला दोन दिवस मोकळे द्या. चित्राखाली मूळ चित्रकाराचं नावही लिहा. मुलांना घेऊन एकदा औंधच्या श्री भवानी संग्रहालयात जा. आपल्या बाणेरशेजारचं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातलं, साताऱ्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचं. तिथं धुरंधरांची मूळ चित्रं पाहायला मिळतात.