जागेपणाचा हिशेब

विहिरीची पातळी दर तासाला नोंदवून वायफायने घरी पाठवणारे यंत्र मी ईएसपी ८२६६ चिपवर बांधले. ही चिप जागी असताना सुमारे ८० मिलिअँपिअर खाते. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २५ तासांत संपते. गाढ झोपेत तिला ०.०२ पुरतात. तासातून ५ सेकंदच जागवली, तर सरासरी ०.१३, म्हणजे हिशेबाने दीड वर्षाहून अधिक. प्रत्यक्षात बॅटरी दहा दिवसांत संपली आणि ऐन मे महिन्यात, विहीर तळ गाठत असतानाच्या नोंदी कायमच्या हुकल्या. मीटर लावून पाहिले. चिप झोपलेलीच होती. बोर्डावरचा लाल दिवा आणि व्होल्टेज रेग्युलेटर मिळून ८ मिलिअँपिअर पीत होते. दिवा काढला, कमी खाणारा रेग्युलेटर बसवला. आता झोपेतला प्रवाह मोजल्याशिवाय यंत्र विहिरीवर नेत नाही.